हर्षूचं रुखवत

दोन वाजून वीस मिनिटं झाली तरी फोन वाजला नाही, तेव्हा मी पहिला लाडू खाल्ला.

बसून नाही, उभ्यानंच. आतल्या खोलीत, एक कान बाहेरच्या मोबाईलकडे ठेवून. डबा उघडला तो खायला म्हणून नव्हेच, देवाशपथ सांगते. मुंग्या लागल्यात का ते बघायला उघडला. मुंग्या नव्हत्या. बेसनाचे लाडू होते, साजूक तुपातले, प्रत्येकावर एकेक बेदाणा. हात गेला. पहिला कधी संपला ते कळलं नाही, कळलं तेव्हा दुसरा अर्धा झाला होता. तिसरा हातात असताना फोन वाजला आणि ह्यांनी हाक मारली, तशी मी तोंड पुसून बाहेर आले.

"जेवलीस का आई?" हर्षूनं विचारलं.

"जेवले की," मी म्हटलं. टाळूला बेसन चिकटलेलं होतं, शब्द नीट फुटत नव्हता.

हे दोन हजार वीस सालच्या एप्रिलमधलं. आम्ही फलटणचे. हे साखर कारखान्यात काट्यावर होते, उसाच्या गाड्या तोलण्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. आम्हाला एकच मुलगी, हर्षदा. ती मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर. तिचं लग्न एप्रिलच्या सव्वीस तारखेला ठरलं होतं, बारामतीचं स्थळ, मुलगा शेतकी खात्यात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्या दोन्ही जावा येऊन बसल्या आणि आम्ही तिघींनी चार दिवसांत रुखवत उरकलं. लाडू, करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, अनारसे. पाच मोठे डबे. लग्नात हे सगळं टेबलावर मांडायचं, विहिणीनं नाव घेऊन उघडायचं, आणि बारामतीकरांनी म्हणायचं की शालनबाईंचा हात काही औरच आहे. खोटं कशाला बोलू, ते ऐकायची मला फार हौस होती.

मग सगळं बंद झालं. हर्षूची रजा रद्द झाली, तिचा वॉर्ड करोनाचा वॉर्ड झाला, लग्न पुढं ढकललं. पुढं म्हणजे कधी, ते कुणालाच सांगता येईना. डबे तेवढे घरात राहिले.

आमच्याकडे एक रीत आहे. चव घ्यायची ती करताना घ्यायची, कढईशी बसून. एकदा डबा भरला, झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, की मांडवात उघडेपर्यंत त्यातलं कुणी तोंडात घालायचं नाही. घरातलं लहान पोर रडलं तरी द्यायचं नाही. माझी सासू सांगायची, मुलीच्या आधी मुलीचं रुखवत खाल्लं तर मुलीच्या संसारातलं खाल्लं. मी हसायची नाही त्यावर. मानायची.

आणि तीच मी, बोटं पुसली जाऊ नयेत म्हणून झाकण कडेकडेनं धरून उघडत होते.

हर्षूची सकाळची पाळी दोनला सुटायची. अंगावरचा तो प्लास्टिकचा पोशाख उतरवून, अंघोळ करून ती फोन करायची. कधी सव्वादोनला, कधी अडीचला, कधी साडेतीनला. सुरुवातीला फोनवर चेहरा दाखवायची. नाकावर मास्कचा वळ, गालावर वळ, डोळे आत गेलेले. मग म्हणाली, आई, नुसता फोन करते, नेट चालत नाही. मी समजले ते समजलेच. दोन ते फोन येईपर्यंतचा वेळ कसा काढायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. देवाचं नाव घेऊन बघितलं, माळ ओढताना बोटं मण्यावर आणि मन मुंबईत. टीव्ही लावला तर त्यावर नुसते आकडे. खाताना मात्र काही ऐकू यायचं नाही. तेवढा वेळ डोक्यातलं सगळं बंद व्हायचं.

म्हणून मी खायचे. एवढंच त्याचं कारण. भूक नव्हती, चव नव्हती, एकामागून एक नुसतं आत ढकलायचं. शंकरपाळ्या तर मूठमूठ. तोंड सोलून निघायचं. रोज खाऊन झालं की कानाला खडा लावायची, आजचा शेवट, उद्या हात लावीन तर माझं नाव शालन नाही. दुसऱ्या दिवशी दोन वाजले की नाव राहायचं बाजूला आणि पाय आतल्या खोलीकडे. वर दुपारचं जेवण वेगळं, संध्याकाळचं वेगळं. ब्लाऊजचे हुक लागेनात म्हणून पिना लावायला लागले.

लपवायला तरी किती हुशारी करावी माणसानं. लाडवांच्या डब्यात तळाशी पितळी पातेली पालथी घातली आणि उरलेले लाडू वर रचले. वरून बघणाऱ्याला डबा गच्च दिसावा. लाडू आणखी कमी झाले तशी पातेल्यांवर दुसरी पातेली आली. शेवटी डब्यात नुसती भांडीच राहिली आणि वर एक फडकं. बाकीच्या डब्यांत रद्दीचे बोळे कोंबले.

हे दुपारी जेवून बाहेरच्या खोलीत आडवे व्हायचे, भिंतीकडे तोंड करून. संध्याकाळी गच्चीवर जायचे, झाडांना पाणी घालायला. झाडं सगळी मिळून चार कुंड्या. त्याला तास-तास का लागायचा, ते मी कधी विचारलं नाही. मला माझंच पडलं होतं.

एकदा मे महिन्यात ह्यांनी जळमटं काढायला म्हणून आतली खोली काढली. मी भाकरी करत होते. डबे हलवल्याचा आवाज आला आणि माझा हात परातीतच थांबला. थोड्या वेळानं हे बाहेर आले, हात धुतले आणि ताटावर बसले.

"उंदीर झालेत वाटतं," म्हणाले.

"झाले असतील," मी म्हटलं.

"खाऊ देत. त्यांचाही जीवच आहे," असं म्हणून त्यांनी भाकरी मोडली.

खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालं माझं. ह्यांना कळलं की नाही, ह्याचाच विचार करत आठवडा गेला. त्या आठवड्यात चकल्या संपल्या.

जूनच्या चार तारखेला फोन आला नाही. दोनला नाही, चारला नाही, दिवेलागणीपर्यंत नाही. आम्ही केला तर बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बरोबरच्या एका केरळी सिस्टरचा ह्यांच्या मोबाईलवर फोन आला. मोडक्या मराठीत, पण फार मायेनं बोलली ती. हर्षदाला लागण झाली आहे, परवापासून ताप होता, काल दम लागला म्हणून भरती केली आहे. ऑक्सिजन चालू आहे. आम्ही आहोत, तुम्ही येऊ नका, येऊन भेटता येणार नाही.

ह्यांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं. सांगताना माझ्याकडे न बघता कॅलेंडरकडे बघत होते.

मी आत गेले आणि पाचही डबे ओढून बाहेरच्या खोलीत आणून ठेवले. झाकणं काढली. पातेली काढली. रद्दी काढली. सगळं ह्यांच्यासमोर मांडलं आणि जमिनीवर बसले.

"हे मी केलंय," म्हटलं. "उंदीर नाही की काही नाही. मीच खाल्लं सगळं. माझ्या पोरीच्या संसारातलं खाल्लं मी, म्हणून हे झालं."

हे खुर्चीतून उठून माझ्याशेजारी खाली बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, खाली बसायचे नाहीत एरवी.

"तीस वर्षं गाड्या तोलल्या मी," म्हणाले. "भरला डबा कुठला आणि भांडी घातलेला कुठला, हाताला कळत नाही व्हय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मी गच्चीवर जात होतो, तिथं काय करत होतो ते तू विचारलंस?"

मी त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांच्या कडा लाल होत्या, आणि त्या आजच्या नव्हत्या. दोन महिने हा माणूस चार कुंड्यांपाशी उभा राहून रडत होता आणि मला वाटत होतं की ह्याला काही वाटतच नाही. मला फार लाज वाटली. खाल्ल्याची वाटली नव्हती एवढी ह्याची वाटली.

ते म्हणाले, खाल्ल्यानं रोग होत नाही, दवाखान्यात काम केल्यानं झालाय, उगाच नाही ते डोक्यात घेऊ नकोस. मी हो म्हटलं. पण सासूचं बोलणं काही डोक्यातून जाईना. मी मनात नवस बोलले की हर्षू घरी येईपर्यंत गोडाला शिवणार नाही. सगळ्या डब्यांत मिळून तीन करंज्या उरल्या होत्या. त्या तशाच झाकून ठेवल्या.

आणि आता जे सांगते ते सांगू नये असं आहे. तिसऱ्याच दिवशी, केरळी सिस्टरचा फोन येऊन गेला, ताप उतरत नाही म्हणाली, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गुळाच्या ढेपेतला खडा फोडला. मग दुसरा. करंज्यांना हात लावला नाही, म्हणजे नवस राहिला, अशी मनाची समजूत घातली. गुळानं ओकारी आली, तरी हात थांबेना. मोरीत बसून मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लेक तिकडं श्वासासाठी झगडतेय आणि आई इकडं गूळ खातेय. कुणाला सांगितलं असतं मी हे? आज सांगतेय, कारण एवढ्या वर्षांत कळलंय की त्या उन्हाळ्यात पुष्कळ घरांतल्या पुष्कळ मोऱ्यांमध्ये पुष्कळ बायाबाप्ये बसले होते.

सहाव्या दिवशी दुपारी फोन वाजला, चेहऱ्याचा. ह्यांनी घाईघाईनं उचलला. पडद्यावर हर्षू. नाकात नळी, केस विंचरलेले नव्हते, ओठ फुटलेले. पण तीच होती. ह्यांनी फोन दोन्ही हातांत धरला होता. मी त्यांच्या खांद्याला टेकून बसले.

तिचं बोलणं तुटक, दोन शब्द झाले की थांबायची. म्हणाली, बरं आहे. मग म्हणाली, जेवण येतं चांगलं, पण तोंडाला काहीच कळत नाही, वरण आणि पाणी एकच लागतं. वासही येत नाही. 

"आई," म्हणाली, "माझं रुखवत मांड ना. मला बघायचंय."

"आत्ता कसं मांडायचं गं? मांडवात मांडतात," मी म्हटलं. "मांडवाआधी उघडू नये, माहीत आहे ना तुला."

हे बोलणारी मी. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"माहीत आहे," हर्षू म्हणाली. थांबली. श्वास घेतला. "पण एकदा बघते. मांडव होईल का नाही, काय सांगावं. समोरच्या खाटेवरची बाई माझ्याच वयाची होती. काल गेली."

ह्यांच्या हातातला फोन मी काढून घेतला, नाहीतर पडला असता. माझी मुलगी मला शेवटचं म्हणून काहीतरी मागत होती आणि माझ्याजवळ ते नव्हतं. पाच डबे भरून होतं आणि नव्हतं. शेजारपाजारून काही आणून मांडावं असंही क्षणभर मनात आलं. पण ती तिकडून बघत होती, आणि नाकात नळी असलेल्या पोरीशी खोटं बोलायला तोंड उघडेना.

"हर्षू, मी खाल्लं ते," म्हटलं. "सगळं खाल्लं. तुझा फोन यायला उशीर झाला की खायची. चोरून. दोन महिने."

मला वाटलं फोन अडकला.

"सगळं?" तिनं विचारलं.

"सगळं."

"चकल्यापण?"

"चकल्यापण. अनारसेपण."

तिचा चेहरा वाकडा झाला. रडते की काय असं वाटलं, पण ती हसत होती. हसता हसता खोकला लागला, मोठा लागला, कुणीतरी मागून येऊन तिला उठवून बसवलं, पाठ चोळली. माझा जीव टांगणीला. खोकला थांबल्यावर तिनं परत फोन तोंडासमोर धरला. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"एकटीच? बाबांना दिलं नाहीस?"

"नाही दिलं तिनं," हे म्हणाले. "मी आपलं उंदराचं नाव केलं."

"मग सांग तरी आई," ती म्हणाली. "कसं झालं होतं सगळं? मला सांग."

मी आठवायला लागले. लाडू आठवले, बेदाणे आठवले, शंकरपाळ्यांनी सोललेलं तोंड आठवलं. पण चव काही आठवेना. दीडशे लाडू खाल्ले असतील मी, आणि एकाचीही चव मला सांगता येईना.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "खरंच नाही माहीत. मला चव लागतच नव्हती."

हर्षूनं डोळे मिटले, उघडले. मग सिस्टर पेशंटशी बोलते तशा आवाजात विचारलं, "काही उरलंय का?"

"तीन करंज्या."

"एक घेऊन ये. माझ्यासमोर खा. सावकाश. आणि कशी लागते ते मला सांग. मला कळत नाही तर तू तरी सांग."

नवस आठवला. पण नवस जिच्यासाठी बोलले तीच मागत होती. मी करंजी आणली. फोन ह्यांनी धरला. मी मांडी घालून बसले, रुखवतातलं काही पहिल्यांदाच बसून खायला. एक कड मोडली आणि तोंडात ठेवली. चावायची घाई केली नाही, ती बघत होती.

"वरचा पापुद्रा मऊ पडलाय," मी म्हटलं. "खुसखुशीत नाही राहिलेला."

"हं. आत?"

आतलं सारण जिभेवर आलं. आधी साखर लागली, मग वेलची, आणि मग त्याच्या मागून ते आलं. माझं तोंड आपोआप वाकडं झालं. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"हर्षू, खवट झालीय गं," मी म्हटलं. "खोबरं पार खवट झालंय. कडू."

"कधीपासून?"

कधीपासून असणार. सुकं खोबरं उन्हाळ्यात महिनाभर टिकतं, फार तर दीड. म्हणजे एप्रिल सरता सरता करंज्यांचं सारण खवट झालेलं होतं, आणि मी मे महिनाभर तेच खात होते. एकामागून एक. आणि मला कळलं नव्हतं. तेव्हा मात्र मला रडू आलं, तोंडात घास असताना, तिच्यासमोर. एवढ्या दिवसांत मी रडले नव्हते. हर्षू रडू दे म्हणाली. ह्यांनी फोन धरून ठेवला.

"थुंकून टाक ते," ती म्हणाली. "आणि बाकीच्या दोन फेकून दे. आल्यावर आपण दोघी नवीन करू. ह्या वेळी चकल्या मी तळणार."

आल्यावर, असं म्हणाली ती. सहा दिवसांत कुणीच तो शब्द उच्चारला नव्हता. ती नाही, केरळी सिस्टर नाही, आम्ही दोघं तर नाहीच. म्हणाली आणि तिलाही बहुतेक ऐकू आलं, कारण ती थांबली आणि परत म्हणाली, "आले की करू."

"येशील ना?" मी विचारलं.

"येते," ती म्हणाली. "चव आली की सांगते. ठेवते आता, दम लागतोय."

फोन बंद झाल्यावर मी उठून तोंड धुतलं, खसखसून धुतलं, मिश्री लावून धुतलं. ह्यांनी उरलेल्या करंज्या उकिरड्यावर टाकल्या आणि डबे अंगणात नेऊन राखेनं घासले. एवढं आयुष्य गेलं, ह्या माणसाला भांडं घासताना मी बघितलं नव्हतं. कडा नीट घासा म्हणून मी सांगितलं, ते त्यांनी ऐकलं.

ऊन उतरलं तेव्हा मला पोटात काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं करंजीनं बाधलं. मग लक्षात आलं की ही भूक आहे. मी ह्यांना म्हटलं, मला भूक लागलीय. त्यांना एकच गोष्ट करता यायची, पिठलं, ते त्यांनी टाकलं. भाकरी सकाळच्या होत्या. आम्ही समोरासमोर ताटं घेऊन बसलो. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं, ते मला पहिल्याच घासाला कळलं आणि मी बोलूनही दाखवलं. दीड भाकरी खाल्ली. ह्यांनी आणखी अर्धी पुढं केली, तेव्हा मी ताटावर आडवा हात धरला.

"नको," म्हटलं. "पोट भरलं."